दारावरून जाणारे नशीब



जून महिना आला की आमच्या राजारामपुरीचा चेहरा बदलतो. मेन रोडवर आणि आतल्या गल्ल्यांच्या तोंडाशी क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. हसऱ्या मुलामुलींचे फोटो, खाली गुण, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'मेहनतीला पर्याय नाही'. सकाळी दूध आणायला आम्ही जनता बझारच्या चौकापर्यंत चालत जातो, तेव्हा हे फोटो बघत जायची आम्हाला सवय आहे. मुले कुणाचीही असोत, बरे वाटते. यंदा मात्र एका फ्लेक्ससमोर आमचे पाय अडखळले. ज्याचा फोटो तिथे लागेल असे आम्ही दोन वर्षे धरून चाललो होतो, तो मुलगा त्या वेळी आमच्या आतल्या खोलीत दार लावून पडला होता.

हा आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गडहिंग्लजकडच्या खेड्यातला. वडील टेम्पो चालवतात. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून 'डॉक्टर करायचंच' असे सगळ्यांनी ठरवले आणि पोरगा आमच्याकडे राहायला आला. सकाळी सहाला उठायचा, क्लासला जायचा, रात्री अकरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा असायचा. नीटची परीक्षा महिन्यावर आली आणि त्याला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणात गेले. अशक्तपणा इतका की परीक्षेच्या दिवशी त्याला केंद्रापर्यंत हाताला धरून न्यावे लागले. निकाल लागला तेव्हा प्रवेश मिळण्याइतके गुण नव्हते.

त्या रात्री जेवताना आम्ही जे बोललो ते लिहायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "मेहनत थोडी कमी पडली बघ." तो काही बोलला नाही. तेवढ्यात त्याच्या खालाचा फोन आला. ती मायाळू बाई. म्हणाली, "जाऊ दे बेटा, तकदीरमध्येच नव्हतं." त्याने फोन खाली ठेवला, ताट सरकवले आणि आमच्याकडे बघून विचारले, "मामू, तुम्ही म्हणता मी कमी पडलो. खाला म्हणते नशिबातच नव्हतं. मग आता मी करू काय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो उठून खोलीत गेला. मुमानीने त्याचे ताट झाकून ठेवले. सकाळी ते तसेच होते.

वाचकहो, आपल्या घराघरांत ही दोन वाक्ये रोज बोलली जातात. मुलगा नापास झाला, दुकान बसले, लग्न जमले नाही, नोकरी सुटली, की एक जण म्हणतो 'कष्ट कमी पडले' आणि दुसरा म्हणतो 'नशीबच खोटे'. दोन्ही बोलणारे आपलेच असतात आणि भल्यासाठीच बोलतात. पण पहिले वाक्य त्या टायफॉइडला हिशेबातच धरत नाही, सगळा दोष पोराच्या डोक्यावर टाकते. दुसरे वाक्य त्याच्या हातून सगळेच काढून घेते. आणि दोन्ही वाक्ये बोलून झाली की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

तकदीर आणि तदबीर हे दोन शब्द आपण जोडीने ऐकत वाढलो. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण तर मक्तबमध्ये जाणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते. आमच्या भाच्याने त्याचा उंट बांधला होता. पण बांधलेला उंटही कधी कधी दोर तोडून जातो. तेव्हा माणसाने काय करायचे, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही दोन-तीन दिवस त्याच विचारात होतो. आणि आम्हाला आपल्याच कोल्हापूरचे अल्लादियाखाँसाहेब आठवले.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणे गवयांचे. वडील लहानपणीच गेले. चुलते जहांगीरखाँ यांनी पुतण्याला हाताशी धरले आणि आधी ध्रुपद, मग ख्याल, अशी वर्षानुवर्षे तालीम दिली. गळा गोड होता, तयार होता, नाव होऊ लागले होते. अशा ऐन उमेदीत आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात त्यांना ओळीने कित्येक दिवस गावे लागले. राजाची हौस भागेना आणि गवयाला नाही म्हणता येईना. त्या ताणाने त्यांचा आवाज बसला, तो बसलाच. सुमारे दोन वर्षे गळा साथ देत नव्हता, असे सांगतात. गवंड्याचे हात जावेत किंवा शिंप्याचे डोळे जावेत, तसे हे झाले. यात त्यांची चूक काय होती? काहीच नाही. मेहनतीत कसूर होती का? ती तर जास्तच झाली होती.

पुढे आवाज परत आला, पण तो पहिला आवाज नव्हता. जड झाला होता, पूर्वीसारखा वळत नव्हता. पूर्वीचीच गायकी ओढूनताणून गात राहणे आणि दरवेळी थोडे कमी पडणे, ही एक वाट होती. गाणे सोडून देणे ही दुसरी. खाँसाहेबांनी तिसरी वाट धरली. गेलेला आवाज गेला हे त्यांनी मान्य केले आणि जो आवाज हाती होता त्याला काय काय जमेल हे शोधायला बसले. गळ्याच्या गोडव्यावर उभे राहता येत नाही, तर लयीवर उभे राहायचे. तान सरळ धावत नाही, तर ती पेचापेचाने, वळणे घेत, लयीत गुंफत न्यायची. दमसास वाढवायचा. इतरांनी फारसे न गायलेले राग, दोन राग एकजीव केलेले जोडराग गायचे. यातून जी गायकी तयार झाली तिला आज सगळे जग जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखते. तीच घेऊन ते शाहू महाराजांच्या दरबारात राहिले आणि कोल्हापूरचे झाले. १९२२ साली महाराज गेले, त्यानंतर सदुसष्टीच्या वयात त्यांनी मुंबईत पुन्हा बस्तान बसवले आणि १९४६ साली इंतकाल होईपर्यंत शागीर्द घडवले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर ही त्यांच्या एकूण शागीर्दांतली मोठी नावे.

'आवाज गेला म्हणूनच ते मोठे झाले' असे म्हणायचा मोह होतो. पण संकट हे संकटच असते, त्याला उगीच हार घालू नयेत. किती तरी गवयांचे आवाज गेले आणि त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. खाँसाहेबांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आम्हाला मोठी वाटते. गळा गेला, पण चुलत्याने दिलेली तालीम गेली नव्हती. ती डोक्यात होती, लयीच्या हिशेबात होती. दुर्दैव आले आणि वरचे वरचे घेऊन गेले. खालचा पाया त्याला नेता आला नाही, आणि नवी इमारत त्याच पायावर उभी राहिली.

ही झाली वाईट नशिबाची गोष्ट. चांगल्या नशिबाची गोष्टही याच खाँसाहेबांशी जोडलेली आहे आणि ती कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर, सांगलीत घडली.

मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. आईने पोरीला गाणे शिकवायची जिद्द धरली आणि पोर दहा वर्षांची असताना आई वारली. मग नाटक मंडळ्यांतली कामे, तिथले रुसवेफुगवे, आजारपण. उपचारासाठी ती सांगलीला येऊन राहिली. ज्यांच्याकडे शिकायची ती तालीमही मध्येच थांबली होती. तरी पोर रोज घरी एकटीच रियाज करायची. ऐकणारे कुणी नव्हते, शाबासकी देणारे कुणी नव्हते. त्याच सुमारास अल्लादियाखाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते. रस्त्याने जाताना त्यांच्या कानांवर तो आवाज पडला. ते आत आले, बसले, ऐकले. हे गृहस्थ कोण, हे त्या मुलीला ठाऊकही नव्हते. पुढे त्यांनीच तिला शिकवायला सुरुवात केली.

आता याला नशीब नाही तर काय म्हणायचे? खाँसाहेब आजारी पडले नसते, दुसऱ्या रस्त्याने गेले असते, तर ही भेट झाली नसती. पण नशीब दारावरून जात होते त्या घटकेला आत गाणे चालू होते, एवढे मात्र त्या मुलीचे स्वतःचे होते. ती त्या दिवशी रुसून बसली असती, 'आई गेली, गुरू सुटला, आता कुणासाठी गायचे' म्हणाली असती, तर खाँसाहेब त्या दारावरून तसेच पुढे गेले असते आणि काय हुकले हे दोघांनाही कधी कळले नसते.

आणि दार उघडले म्हणून पुढचा रस्ता सोपा झाला असेही नाही. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाईही मागोमाग गेल्या. तिथे परिस्थिती अशी आली की खाँसाहेबांकडची तालीम बंद पडली. मोगूबाई आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँकडे शिकल्या, खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, आणि अखेर १९३४ साली खुद्द खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला. सांगलीतल्या त्या दिवसानंतर किती वर्षे गेली बघा. पुढे १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे. नशिबाने एकदा दारात पाय ठेवला होता. पुढची पंधराएक वर्षे त्या स्वतः चालत गेल्या.

ही थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. आमच्या नात्यातलेच एक सांगतो. आमच्या चुलतभावाचे शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला शिंपीकामाचे दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची, हे कोल्हापूरच्या पोरासोरांनाही पाठ असते. बकरी ईद १२ ऑगस्टला होती. भाईजानच्या दुकानात ईदचे शिवून झालेले कपडे हँगरला लटकत होते आणि पाणी रातोरात आत शिरले. कपडे गेले, मशीन गेल्या, आणि पाणी उतरले तेव्हा चिखल तेवढा राहिला.

आठवडाभर भाईजान कुणाचा फोन घेईनात. मग एक दिवस मापाची वही काढून बसले. ती वही रोज रात्री घरी न्यायची त्यांची जुनी सवय, म्हणून ती वाचली होती. एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला. "तुमचा कपडा बुडाला. पैसे एकदम जमणार नाहीत, पण देईन." काहींनी नको म्हटले, काहींनी घेतले. सगळे फेडायला वर्षापेक्षा जास्त लागले. पण गिऱ्हाईक एकही तुटले नाही.

२०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला, तोही आधीपेक्षा मोठा. या वेळी बंधाऱ्यावर पाणी इशाऱ्याच्या एकोणचाळीस फुटांवर गेल्याचे कळताच भाईजाननी पोरांना हाताशी घेतले आणि मशीन, कापड, सगळे घरमालकाच्या वरच्या मजल्यावर चढवले. शेजारचे म्हणत होते, एवढी घाई कशाला. खाली राहिलेले लाकडी टेबल आणि कपाट तेवढे कुजले. पूर मोठा, नुकसान थोडे. आम्ही कौतुक करायला गेलो तर भाईजान म्हणाले, "या वेळी ईद पूर यायच्या आधीच, २१ तारखेला झाली, कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचले होते. ते माझं नशीब. मशीन वर नेल्या ती माझी अक्कल. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा, नाहीतर माणूस एक तर माजतो, नाहीतर खचतो."

हे ऐकले तेव्हा आम्ही मान डोलावली होती आणि विसरूनही गेलो होतो. भाच्याच्या प्रश्नाने ते पुन्हा आठवले.

हिशेब वेगळा ठेवायचा म्हटले की आणखी एक रकाना उघडतो, तो यशस्वी माणसांनी उघडायचा. आमचे आजोबा कोल्हापुरात शिकले ते दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमुळे. घरात त्यांची गोष्ट कायम अशी सांगितली जाते की आजोबा कंदिलाच्या उजेडात अभ्यास करायचे, अनवाणी शाळेत जायचे, फार कष्टाळू. सगळे खरे. पण कंदील ठेवायला छत होते, ते कुणी दिले? शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. आजोबा तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांच्याइतकीच कष्टाळू, त्यांच्याइतकीच हुशार मुले त्यांच्या गावात आणखी असतील. ज्यांना बोर्डिंगचा पत्ता लागला नाही ती गुरांमागे गेली. म्हणून कष्ट करूनही मागे राहिलेल्या माणसाला 'कमी पडलास' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि आपल्याला जे मिळाले ते सगळे आपल्याच घामाचे, असे म्हणण्याचाही नाही. आजोबांचे जे नशीब होते, ती दुसऱ्या कुणाची तरी मेहनत होती.

चौथ्या दिवशी फज्रच्या नमाजनंतर आम्ही भाच्याच्या खोलीचे दार वाजवले. आत जाऊन बसलो आणि म्हणालो, "त्या रात्री आमचं चुकलं." आपल्या घरांत मामूने भाच्याची माफी मागायची रीत नाही, त्यामुळे दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग आम्ही एक कोरा कागद घेतला, त्यावर तीन रकाने आखले. 'हातात नव्हतं', 'हातात होतं', 'आता हातात आहे'. कागद त्याच्यापुढे ठेवून आम्ही चहा आणायच्या निमित्ताने बाहेर आलो.

परत गेलो तर पहिल्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता, टायफॉइड. दुसऱ्या रकान्यात मात्र पाच-सहा ओळी होत्या. फिजिक्स आवडत नाही म्हणून शेवटी ठेवले. रात्री दिवा चालू असायचा, पण त्यातला तासभर मोबाइलमध्ये जायचा. सराव पेपर सोडवले, पण चुका परत तपासल्या नाहीत. यांतले काहीही आम्ही त्याला सांगितले नव्हते. आम्ही जो आरोप म्हणून केला होता, तो त्याने स्वतः हिशेब म्हणून लिहिला. टायफॉइड कुणीतरी मान्य केल्यावरच त्याला फिजिक्स मान्य करता आले, असे आम्हाला वाटते.

तिसरा रकाना भरायला आठवडा लागला. पुन्हा एक वर्ष नीटची तयारी करायची की सीईटीचे गुण आहेत त्यावर फार्मसीला जायचे, यावर घरात रोज चर्चा झाली. गडहिंग्लजहून त्याचे अब्बा येऊन गेले. खाला म्हणाली इस्तिखारा कर. त्याने केला, कॉलेजे बघून आला, दोन मोठ्या मुलांना विचारून आला, खर्च मांडला आणि फार्मसी धरली. निर्णय त्याचा आहे. तो बरोबर ठरेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. खाँसाहेबांनाही त्या जड आवाजाने पहिल्यांदा गायला बसताना पुढचे काही दिसले नसेल.

मग आईबापांनी करायचे काय? आम्हाला सुचते ते एवढेच. निकालाच्या दिवशी निवाडा करू नये. मूल हरले तर आधी त्याच्या टायफॉइडला ओळख द्यावी, म्हणजे ज्या गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या त्या मोठ्याने मान्य कराव्यात. जिंकले तर त्याला मदत झालेल्या माणसांची नावे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत. क्लासची फी कुणी भरली, डबा कुणी केला, आजारपणात वही कुणी आणून दिली. शुक्र नुसता जिभेने होत नाही, त्याला नावे लागतात. आणि दोन्ही वेळी तिसऱ्या रकान्याचा प्रश्न विचारावा, आता हातात काय आहे?

गेल्या आठवड्यात भाच्याने नीटची पुस्तके बांधली. आम्हाला वाटले रद्दीत देणार, म्हणून आम्ही तराजूवाल्याचा नंबर शोधू लागलो. तर म्हणाला, "मामू, रद्दीत नाही. आपल्या पुढच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या चाचांची मुलगी यंदा अकरावीला आहे. तिला हवीत." फिजिक्सच्या पुस्तकावर त्याने कागद चिकटवला होता आणि त्यावर लिहिले होते, 'हे आधी वाच'.

अल्लाह त्या पोरीला यश देवो. तुमच्या घरीही या महिन्यात निकाल लागला असेल. गोड असेल तर मुबारक. कडू असेल तर आज रात्री जेवताना जरा जपून बोला. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.